‘म्हणून’ला आधार कोणाचा?

१५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका ‘आणि’चा निवाडा केला. अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत तिथे कायद्याने ठरवलेली किमान शिक्षा भोगावीच लागते. २०१८च्या एका सुधारणा कायद्याने त्यातून सुटण्याची वाट रुंद केली होती: आरोपीच्या नावावर अ, ब आणि क अशा तीन प्रकारची जुनी गुन्हेगारी नोंद नसेल, तर न्यायाधीशाला किमान शिक्षेच्या खाली उतरता येणार होते. खटल्यातल्या आरोपीच्या नावावर अ आणि ब होत्या, क नव्हती. बचावपक्ष म्हणाला, तिन्ही नोंदी एकत्र नाहीत, म्हणून सवलत मिळाली पाहिजे. सरकारपक्ष म्हणाला, तिन्हींपैकी एकही असता कामा नये, म्हणून सवलत मिळणार नाही. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सरकारची बाजू उचलून धरली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला, तर विरोधी मत नील गोर्सच यांनी मांडले.

दोन्ही पक्षांपुढे कलम तेच होते आणि आरोपीची नोंदही तीच. वाद होता तो ‘नाही’ची पकड कुठवर पोचते याचा. ती ‘अ आणि ब आणि क’ या सगळ्या जोडणीवर आहे, की प्रत्येकावर वेगवेगळी आहे? पहिला अर्थ घेतला तर तिन्हींपैकी एखादी नोंद नसली तरी भागते. दुसरा घेतला तर एकही नसावी लागते. या दोन अर्थांमधला फरक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांत नेमका बसतो. डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ साली मदुराईत झाला, आणि त्यांचे हे नियम महाराष्ट्रात बारावीच्या गणितात आजही शिकवले जातात.

पुढील प्रकरणांचा विषय याच जातीचा आहे, फक्त तो अधिक मुळाशी जातो. एका विधानातून दुसरे विधान ‘निघते’, असे माणूस दिवसातून कितीतरी वेळा म्हणतो. हे निघणे कशाच्या बळावर होते? आणि ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’, ‘जर–तर’, ‘सर्व’, ‘काही’ या मोजक्या शब्दांनाच त्यात एवढे वजन का?

मध्य रेल्वेवरचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘लोकल उशिरा धावते आहे किंवा रद्द झाली आहे. रद्द झालेली नाही. म्हणून उशिरा धावते आहे.’ यातली लोकल काढून परीक्षा घाला, निवडणूक घाला, दोन्ही विधानांच्या जागी हवी ती दोन विधाने बसवा. युक्तिवाद उभाच राहतो. त्याला धरून ठेवणारे शब्द दोनच आहेत, ‘किंवा’ आणि ‘नाही’. आता दुसरा युक्तिवाद पाहावा. ‘कल्याण ठाण्याच्या पुढे आहे. बदलापूर कल्याणच्या पुढे आहे. म्हणून बदलापूर ठाण्याच्या पुढे आहे.’ हाही बिनचूक आहे, आणि स्थानकांची नावे बदलली तरी बिघडत नाही. पण ‘पुढे’ काढून ‘लागून’ घातले की तो कोसळतो. धीम्या मार्गावर कळवा ठाण्याला लागून आहे, मुंब्रा कळव्याला लागून आहे, तरी मुंब्रा ठाण्याला लागून नाही. म्हणजे या युक्तिवादाला ‘पुढे’चाही टेकू लागतो. मग ‘पुढे’ला ‘किंवा’च्या पंक्तीत बसवायचे, की ‘ठाणे’ आणि ‘कल्याण’च्या?

या एका प्रश्नात सगळा विषय आला. युक्तिवादातले काही शब्द जागेवर ठेवायचे आणि बाकीचे मनसोक्त बदलायचे. कसेही बदलले तरी आधारविधाने खरी आणि निष्कर्ष खोटा अशी वेळ कधीच येत नसेल, तर निष्कर्ष ही त्या आधारविधानांची तार्किक निष्पत्ती होय. जे शब्द जागेवर राहतात त्यांना तार्किक अचल म्हणतात. व्याख्या सुटसुटीत आहे. अडचण एवढीच, की अचल कोणते हे ठरल्याशिवाय निष्पत्ती ठरत नाही, आणि अचल कोणी ठरवायचे ते व्याख्या सांगत नाही.

शब्द बदलून पाहण्याची ही रीत फार जुनी आहे. अ‍ॅरिस्टॉटल यांनी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात युक्तिवादातल्या नामांच्या जागी अक्षरे लिहिली, तेव्हाच ती सुरू झाली. ‘सर्व’, ‘काही’, ‘नाही’ तसेच राहिले. ‘माणूस’ आणि ‘प्राणी’ गेले. त्यांच्यानंतर स्टोइक पंथातल्या क्रायसिप्पस यांनी ‘जर’, ‘किंवा’, ‘आणि’, ‘नाही’ यांवर उभे राहणारे पाच मूलभूत युक्तिवाद मांडले. वरचा लोकलचा युक्तिवाद त्यांतल्याच एकाच्या घाटाचा आहे. मध्ययुगीन युरोपात स्वतः कशाचेही नाव नसणाऱ्या, पण वाक्याला आकार देणाऱ्या शब्दांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले गेले. चौदाव्या शतकात पॅरिसमध्ये जाँ ब्युरिदाँ यांनी निष्पत्तीचे दोन वर्ग केले: जी केवळ आकारावर टिकते ती, आणि जिला आशयाची मदत लागते ती. पण आकार कुठे संपतो आणि आशय कुठे सुरू होतो, हा प्रश्न त्यानंतरही उघडाच राहिला.

तो नेमक्या शब्दांत मांडला बर्नार्ड बोल्झानो यांनी. प्रागमधले हे धर्मगुरू तत्त्वज्ञ आणि गणिती होते. त्यांची मते न रुचल्याने १८१९ साली सम्राटाच्या आज्ञेने त्यांना विद्यापीठातल्या अध्यापनातून दूर करण्यात आले. पुढे १८३७ साली त्यांचा ज्ञानशास्त्रावरचा चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. विधानातल्या काही कल्पना ‘बदलत्या’ मानून त्यांच्या जागी दुसऱ्या घालत राहायचे आणि सत्यता टिकते का ते पाहायचे, ही पद्धत त्यांनी त्यात सविस्तर उभी केली. कोणत्या कल्पना बदलायच्या, यावर उत्तर अवलंबून राहते हे त्यांना पुरते ठाऊक होते. फक्त तर्कशास्त्राच्या कल्पना जागेवर ठेवून जे टिकते त्याला त्यांनी वेगळे स्थान दिले, आणि त्याच ठिकाणी हेही नोंदवले, की तर्कशास्त्राच्या कल्पनांचा प्रदेश वादाला जागाच उरणार नाही इतका रेखीव आखलेला नाही. शंभर वर्षांनी झालेल्या चर्चेचे बीज या कबुलीत आहे.

ती चर्चा आल्फ्रेड टार्स्की यांच्या नावाशी जोडलेली आहे. वॉर्सात १९०१ साली जन्मलेल्या टार्स्कींनी १९३५ साली पॅरिसच्या वैज्ञानिक तत्त्वज्ञान परिषदेत तार्किक निष्पत्तीच्या संकल्पनेवर निबंध वाचला आणि पुढच्या वर्षी तो प्रसिद्ध झाला. शब्दांऐवजी शब्दांचे अर्थ बदलायचे, ही त्यांची सुधारणा. भाषेत पुरेशी नावे नसली तरी त्यामुळे अडत नाही. अचल सोडून बाकी शब्दांना कोणताही अर्थ दिला, आणि त्या अर्थाने सगळी आधारविधाने खरी ठरली, तर निष्कर्षही खरा ठरलाच पाहिजे. आज जगभर तर्कशास्त्राच्या वर्गात निष्पत्तीची जी व्याख्या शिकवतात, ती याच निबंधाची वंशज आहे.

निबंधाचा शेवट मात्र कमालीचा प्रामाणिक आहे. टार्स्की स्वतःच्या व्याख्येला तिच्या टोकापर्यंत नेतात. समजा, भाषेतले सगळेच शब्द अचल मानले. मग बदलायला काही उरतच नाही, आणि खऱ्या विधानातून कोणतेही खरे विधान ‘निष्पन्न’ होते: ठाण्यात तलाव आहेत, म्हणून ७ ही मूळ संख्या आहे. उलट एकही शब्द अचल मानला नाही, तर निष्पत्तीचा बहुतेक सगळा प्रपंच बुडतो. ‘किंवा’चा अर्थ ‘आणि’ करायला मोकळीक मिळाली, की लोकलचा युक्तिवादही उरत नाही. खरी निष्पत्ती या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. पण ती रेघ नेमकी इथेच ओढावी, असे सांगणारा वस्तुनिष्ठ आधार आपल्याला माहीत नाही, असे टार्स्कींनी स्पष्ट लिहिले. कदाचित ही संकल्पना सापेक्षच मानावी लागेल, अशी शक्यताही त्यांनी बोलून दाखवली.

तीस वर्षांनी ते या प्रश्नाकडे परतले. मधल्या काळात दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी पोलंड सोडले होते आणि बर्कलीला तर्कशास्त्राचे मोठे केंद्र उभारले होते. १९६६ साली लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानात त्यांनी भूमितीचा आधार घेतला. फेलिक्स क्लाइन यांनी १८७२ साली एर्लांगेन येथून मांडलेल्या विचारानुसार, कोणत्या रूपांतरणांत काय अबाधित राहते यावरून भूमितीचे प्रकार ठरतात. आकृती नुसती हलवली किंवा फिरवली तर अंतरे टिकतात. प्रमाणात मोठी केली तर अंतरे जातात आणि कोन टिकतात. रूपांतरणांना जितकी मोकळीक, तितक्या टिकणाऱ्या गोष्टी कमी. टार्स्कींनी विचारले: मोकळीक पूर्ण दिली, जगातल्या वस्तूंची आपसांत हवी तशी अदलाबदल करू दिली, तर काय टिकेल? जे टिकेल ते तार्किक.

ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. ‘सर्व’ टिकतो, कारण कोण कोणाच्या जागी आला तरी सर्व ते सर्वच. ‘किमान एक’ टिकतो. ‘तोच’, म्हणजे एकरूपता, टिकते. ‘उंच’ टिकत नाही, कारण उंच माणसाच्या जागी बुटका येऊ शकतो. ‘पुढे’ही टिकत नाही: कल्याण आणि ठाणे यांची अदलाबदल केली की कोण कोणाच्या पुढे हे उलटते. तेव्हा बदलापूरचा युक्तिवाद या कसोटीने तार्किक ठरत नाही. ‘जे पुढच्याच्या पुढे ते मागच्याच्याही पुढे’ असे आणखी एक आधारविधान जोडले, तरच तो तार्किक होतो.

सगळ्यांना हे पटलेले नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्फ्रिड सेलर्स यांनी १९५३ साली असा विचार मांडला, की आशयाच्या बळावर केलेले अनुमान हे अपुरे राहिलेले आकारिक अनुमान नव्हे. शब्दाचा अर्थ समजणे म्हणजेच अशी अनुमाने करता येणे. भारतीय वाचकाला इथे न्यायदर्शन आठवणे साहजिक आहे. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, या अनुमानात नैयायिक सगळा भार व्याप्तीवर ठेवतात, म्हणजे धूर आणि आग यांच्यातल्या अव्यभिचारी संबंधावर. आणि पाच अवयवांच्या मांडणीत स्वयंपाकघरासारखे उदाहरणही मागतात. मुंबईत एकोणिसाव्या शतकात छापलेला भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ चाळणाऱ्याला ही परिभाषा किती बारकाईने घडली ते कळते. तिथे अनुमानाच्या खरेपणाचा आणि आशयाचा प्रश्न कधी वेगळा काढलेलाच नाही. आकार आणि आशय यांची फारकत ही तर्कविचाराची एकमेव वाट नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

अदलाबदलीच्या कसोटीची दुसरी अडचण अशी, की ती फार उदार आहे. ‘अनंत’ हा शब्द तिच्यातून सहज पार पडतो: वस्तूंची अदलाबदल केल्याने त्यांची संख्या बदलत नाही. आता ‘अनंत’ला अचल मानले तर काय होते ते पाहावे. ‘किमान एक तारा आहे’, ‘किमान दोन तारे आहेत’, ‘किमान तीन तारे आहेत’, अशी न संपणारी आधारविधाने घेतली, तर त्या सगळ्यांतून ‘तारे अनंत आहेत’ हे निष्पन्न होते. पण त्यांतली मोजकी विधाने, अगदी दहा लाख घेतली, तरी त्यांतून ते निष्पन्न होत नाही. सिद्धता मात्र नेहमी सान्त असते. तिच्यात मोजकीच आधारविधाने वापरता येतात. म्हणजे निष्पत्ती आहे, पण तिची सिद्धता असूच शकत नाही. ‘सर्व’, ‘काही’, एकरूपता आणि नेहमीचे संयोजक एवढ्यांवरच थांबले, तर प्रत्येक निष्पत्तीला सिद्धता मिळते, हे कुर्ट ग्योडेल यांनी १९२९ साली व्हिएन्नातल्या आपल्या प्रबंधात दाखवले होते. अचलांच्या यादीत एका शब्दाची भर घातली, की तर्कशास्त्राचा एवढा मोठा गुण हातून जाऊ शकतो.

व्हॅन मॅगी यांनी १९९६ साली आणखी एक विचित्र उदाहरण पुढे केले. असा एक संयोजक कल्पावा, की विचाराधीन वस्तूंमध्ये वॉम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला प्राणी असेल, तर तो ‘किंवा’सारखा वागतो, आणि नसेल तर ‘आणि’सारखा. कोणत्याही एका वस्तुसमूहाच्या आतच अदलाबदल केली, तर तो टिकतो, कारण वॉम्बॅट असलेला समूह वॉम्बॅट असलेलाच राहतो. पण ज्याचा अर्थ कळायला प्राणिशास्त्र लागते तो शब्द तार्किक कसा? या प्रकारच्या उदाहरणांवर उपाय असा, की एका समूहातल्या प्रत्येक वस्तूला दुसऱ्या समूहातली एकेक वस्तू नेमून द्यायची, आणि अशा समूहांतरातही जे टिकेल तेच तार्किक म्हणायचे. गिला शेर यांनी १९९१ साली ही वाट तपशिलाने मांडली होती.

अचलांकडे पाहण्याची दुसरी रीत अर्थापासून सुरू होत नाही, वापराच्या नियमांपासून होते. गेरहार्ट गेंट्झेन या जर्मन तर्कशास्त्रज्ञाने १९३४–३५ साली प्रत्येक अचलाला दोन प्रकारचे नियम दिले: तो वाक्यात केव्हा आणता येतो, आणि आणल्यावर त्यातून काय काढता येते. ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही हाती असतील तर ‘अ आणि ब’ म्हणता येते. ‘अ आणि ब’ हाती असेल तर त्यातून ‘अ’ काढता येतो, ‘ब’ही. आणण्याचे नियम म्हणजे जणू त्या अचलाची व्याख्याच, असे गेंट्झेन यांचे म्हणणे होते.

मग नियम दिले की अचल तयार झाला का? न्यूझीलंडचे आर्थर प्रायर यांनी १९६० साली अवघ्या दोन पानांत याची परीक्षा घेतली. त्यांनी ‘टॉंक’ नावाचा संयोजक घडवला. ‘अ’ असेल तर ‘अ टॉंक ब’ म्हणता येते. ‘अ टॉंक ब’ असेल तर ‘ब’ काढता येतो. दोन्ही नियम स्वच्छ आहेत. पण दोन्ही मिळून अनर्थ करतात. पाऊस पडतो आहे, म्हणून पाऊस पडतो आहे टॉंक दोन अधिक दोन पाच, म्हणून दोन अधिक दोन पाच. कशातूनही काहीही निघू लागते.

नुएल बेल्नॅप यांनी १९६२ साली याला दिलेले उत्तर या विषयाच्या मध्यभागी ठेवावे इतके मोलाचे आहे. नवा संयोजक कोरी पाटी घेऊन येत नाही, असे त्यांनी दाखवले. तो येण्याआधीच निष्पत्तीचा एक व्यवहार चालू असतो. नव्याने त्या जुन्या व्यवहारात ढवळाढवळ करता कामा नये: ज्या वाक्यांत नवा शब्द नाही, त्यांच्यात पूर्वी नसलेली निष्पत्ती त्याच्यामुळे उपजता कामा नये. ‘आणि’ ही अट पाळतो, ‘टॉंक’ मोडतो. टार्स्कींच्या मांडणीत अचल निष्पत्ती ठरवतात. बेल्नॅप यांच्या मांडणीत निष्पत्ती अचलांना प्रवेश देते किंवा नाकारते. या प्रस्तावनेचा आग्रह असा, की या दोन मांडण्या परस्परांच्या पर्याय नाहीत. अचल आणि निष्पत्ती एकमेकांना घडवतात, आणि एकाचा अभ्यास दुसऱ्याला वगळून होत नाही.

याच नात्यामुळे तर्कशास्त्रातले मतभेद इतके खोल जातात. डच गणिती एल. ई. जे. ब्रौवर यांनी १९०८ सालीच ‘अ किंवा अ नाही’ हे तत्त्व सरसकट वापरण्यावर आक्षेप घेतला. दोन अपरिमेय संख्या अशा आहेत का, की पहिलीचा दुसरीइतका घात परिमेय येईल? एक प्रसिद्ध सिद्धता अशी: √२ चा √२ इतका घात परिमेय असेल, तर काम झाले. नसेल, तर त्या संख्येचा पुन्हा √२ इतका घात घ्या. तो २ येतो, आणि काम झालेच. सिद्धता देखणी आहे, पण ती जोडी कोणती हे तिने सांगितले नाही. ब्रौवर यांच्या मताच्या गणिताला ही सिद्धता चालत नाही, कारण ‘किंवा’ म्हणायचे तर दोहोंपैकी कोणते ते दाखवता आले पाहिजे. दोन्ही बाजू ‘किंवा’ आणि ‘नाही’ हेच शब्द वापरतात. निष्पत्ती मात्र वेगवेगळ्या मिळतात.

हा मतभेद ग्रंथांपुरता उरलेला नाही. बँकांपासून सरकारी कार्यालयांपर्यंत माहितीचे साठे ज्या एसक्यूएल भाषेत विचारले जातात, तिच्यात रिकाम्या रकान्याला ‘नल’ म्हणतात आणि सत्य, असत्य यांच्या जोडीला ‘अज्ञात’ असे तिसरे मूल्य असते. ‘ज्यांचे वय ६० आहे किंवा ज्यांचे वय ६० नाही, अशा सगळ्यांची यादी द्या’ असे तिला सांगितले, तर वयाचा रकाना रिकामा असलेली माणसे यादीतून गळतात. नेहमीच्या ‘किंवा’ने आणि ‘नाही’ने एकही माणूस गळायला नको होता. पेन्शनची यादी करणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्याचा भुर्दंड वयाची नोंद नसलेल्या वृद्धाला पडतो.

पुढील प्रकरणे वाचायला फार तयारी लागत नाही. अकरावी–बारावीला कला शाखेत तर्कशास्त्र घेतलेला किंवा गणितात सत्यता सारण्या भरलेला विद्यार्थी या वाटेची पहिली पायरी चढलेला आहे. त्याला बहुधा शिकवले गेले ते एवढेच, की हे पाच संयोजक आहेत आणि त्यांच्या सारण्या अशा आहेत. हेच पाच का, आणखी का नाहीत, आणि यादी बदलली तर ‘म्हणून’चे काय होते, हे प्रश्न वर्गात सहसा येत नाहीत. ते यावेत. त्यासाठी जास्तीचे गणित लागत नाही. ‘टॉंक’ फळ्यावर दोन ओळींत मांडता येतो, आणि लोकलचे दोन युक्तिवाद शेजारी शेजारी लिहिले की वर्गात वाद आपोआप सुरू होतो. तर्कशास्त्राच्या शिक्षकांनी सारण्या भरून घेण्याआधी एक तास या वादाला द्यावा, आणि जिज्ञासू वाचकाने टार्स्कींचा १९३६चा निबंध मुळातून वाचावा. तो जेमतेम डझनभर पानांचा आहे.